घुबडडोळा

आमच्या शेडमध्ये कोणाचा एक डोळा अचानक मोठा झाला तर कोणी घाबरत नसे. उलट टाळ्या पडायच्या. डोळ्यातली काळी बाहुली पसरून पसरून पार कडेला टेकायची, माणूस उजेडाकडे बघून शिव्या घालायचा आणि बाकीचे ओरडायचे, "आला रे घुबडडोळा!" मग त्याला टाकीवर नेऊन डोळा धुवायचा, सावलीत बसवायचं, गोड चहा पाजायचा. दोन-तीन दिवसांत डोळा आपोआप ठिकाणावर यायचा. त्यात नवल काहीच नव्हतं. कॉर्कवुडच्या झाडाची वाळलेली पानं दिवसभर हाताळली की धूळ हाताला लागणारच, आणि सांगून सांगून जीभ झिजली तरी माणसं त्याच हाताने डोळा चोळणार.

पान दिसायला अगदी साधं. कूळ मात्र धोतऱ्याचं. त्यातलं सत्त्व काढून जर्मनीत औषधं करतात, बोट लागू नये म्हणून, पोटातल्या मुरड्यावर, ऑपरेशनच्या आधी लाळ सुकवायला. तेच जास्त अंगात गेलं की तोंडाला कोरड पडते, माणूस बरळतो, पेंगतो. ब्रिस्बेनपासून काही तासांवर, साउथ बर्नेटच्या लाल मातीत शेंगदाण्याच्या खालोखाल आमच्याकडे हेच पीक होतं, आणि शेडमधल्या प्रत्येकाला हा डोळा एकदा तरी आला होता. फक्त नोरीनमावशीला नाही.

नोरीनमावशी टेकडीपलीकडच्या वस्तीतली, इथल्या मूळच्या वाका वाका लोकांपैकी. मी सांगतेय ते एकोणीसशे अठ्ठ्याऐंशीचं, तेव्हा ती साठीला टेकली होती. अंगाने काटक, डोक्यावर पुरुषी हॅट, आणि जिभेला धार. वाळवणाच्या हौदातून पान निघालं की ते नीट वाळलंय का, हे ठरवणं तिचं काम. ती पान डोळ्यांनी बघायचीच नाही. मूठभर घ्यायची, कानाशी नेऊन चुरडायची आणि म्हणायची, "अजून दोन तास." मालक हार्वी लेंझने ओलावा मोजायचं यंत्र आणलं होतं. ते यंत्र आणि मावशी यांचं जमलं नाही की हार्वी यंत्राला दोष द्यायचा.

तिच्या डोळ्यातल्या बाहुल्या मोहरीएवढ्या बारीक. भर धुळीत उभी राहिली तरी तेवढ्याच. आम्ही सगळ्यांनी त्याचा अर्थ लावून टाकला होता: हे झाड तिच्या लोकांचं, हजारो वर्षांचं, ते तिला ओळखतं. हार्वीचा बापही तसंच म्हणायचा. जर्मनीहून खरेदीदार आले की हार्वी मावशीला बांधावरच्या जुन्या कॉर्कवुडपाशी उभी करायचा, खोडावर हात ठेवायला सांगायचा आणि फोटो काढायचा. मावशी हात ठेवायची. तोंडातून अवाक्षर काढायची नाही.

आता खरं काय ते सांगते. मला ते नंतर कळलं, पण तुम्हाला आधी कळलेलं बरं.

त्याच्या बारा वर्षं आधी वस्तीत डोळ्यांच्या डॉक्टरांची गाडी आली होती. तेव्हा मावशीच्या एका डोळ्यात पान गेलं होतं, म्हणजे तिलाही घुबडडोळा आला होताच, फक्त सुट्टीच्या दिवशी आला, म्हणून आम्हाला दिसला नाही. त्या डॉक्टरने तपासलं आणि दुसरंच काही सापडलं. तिला काचबिंदू होता, आणि तोही असा की बाहुली पसरली तर डोळ्यातलं पाणी तुंबून नजर एका दिवसात जाऊ शकते. त्याने थेंब दिले, बाहुली बारीक ठेवणारे, दिवसातून चार वेळा घालायचे. आणि सांगितलं, त्या शेडमध्ये पुन्हा पाऊल टाकू नकोस.

आमच्या शेडच्या दारावर पत्र्याची पाटी होती. डोळे चोळू नका. खाण्याआधी हात धुवा. काचबिंदू असलेल्याने आत येऊ नये. दर हंगामाला त्याखालच्या कागदावर सगळ्यांची सही घ्यायचे. मावशीने बारा वर्षं सही केली, आणि बारा वर्षं दिवसातून दोनदा पाण्याच्या टाकीमागे जाऊन थेंब घातले. आम्हाला वाटायचं, सिगारेट ओढायला जाते. त्या थेंबांनी उजेड कमी दिसतो. म्हणून ती पान कानाने ऐकायची. झाडबिड काही तिला ओळखत नव्हतं.

मी कोरल. पिशव्यांची तोंडं शिवायची आणि शेडमधल्या बायकामाणसांवर लक्ष ठेवायचं, हे माझं काम. अडतीस वर्षांची होते आणि मला सगळं कळतं असं मला वाटायचं.

एप्रिलातला गुरुवार होता. सकाळी ड्वेनने वाळवणाचा पंखा साफ केला होता, त्यामुळे कपाळापासून हनुवटीपर्यंत हिरव्या धुळीने माखला होता. ड्वेन तेहेतीस-चौतीसचा, दोन मुलींचा बाप, पिशव्या दाबायच्या यंत्रावर असायचा आणि दिवसभर तोंड चालू. मावशीची टिंगल करण्यात त्याचा हात धरणारं कोणी नव्हतं.

"मावशी, तुझ्या डोळ्यांत मुंगी तरी शिरेल का गं?"

"शिरेल की. तुझ्या डोक्यात मात्र राहायला जाईल. रिकामी जागा पुष्कळ."

दहाच्या चहानंतर तो पिशव्यांच्या थप्पीवर चढला, पाच पिशव्यांची थप्पी. वरची पिशवी सरकली आणि तो खाली आला. जमिनीवर पडायच्या आधी डाव्या कानाच्या वर वजनकाट्याची लोखंडी कड लागली. आवाज झाला तो मला अजून आठवतो. अर्धा मिनिट तो निपचित होता. मग उठून बसला, इकडेतिकडे बघितलं आणि म्हणाला, "काटा मोडला तर पगारातून कापू नका." सगळे हसले. टेंगूळ आलं होतं, त्यावर ओलं फडकं बांधलं, आणि पाऊण तास तो यंत्रावर उभा राहून कामही करत होता.

साडेअकराला तो बसला. डोकं ठणकतंय म्हणाला. मग टाकीपाशी जाऊन ओकला. मी त्याला दारातल्या उजेडात आणलं, तर डावी बाहुली ताटलीएवढी झालेली.

"घ्या," मी म्हणाले. "पंखा साफ करायला कोणी सांगितलं होतं तोंड न बांधता? घुबडडोळा आलाय."

दोघांनी टाळ्या वाजवल्या. मी डोळा धुतला, सावलीत पिशव्यांवर त्याला आडवा केला आणि म्हणाले, झोप जरा. तो पेंगत होता, जीभ जड झाली होती, डाव्या डोळ्याची पापणीही थोडी उतरली होती. पान चढलेला माणूस असाच पेंगतो. मी पुन्हा पिशव्या शिवायला बसले.

मावशी हौदाकडून आली ती सरळ त्याच्यापाशी. दिसत नसल्यासारखी वाकली आणि त्याच्या तोंडात बोट घातलं.

"हे काय करतेस?" मी म्हणाले.

"तोंड ओलं आहे."

"मग?"

"पान चढलं तर तोंड कोरडं हवं. याची लाळ गळतेय." तिने त्याचं मनगट धरलं. "आणि नाडी बघ. पानाने छाती धडधडते. ही बैलगाडीसारखी चाललीय." तिने त्याला हलवलं. "ड्वेन! मुलींची नावं सांग."

ड्वेनने एक नाव सांगितलं. दुसरं त्याला येईना.

"हार्वीला बोलव," मावशी म्हणाली. "डोक्यात रक्त साचतंय."

हार्वी आला आणि कपाळावर हात मारून घेतला. कारण आदल्या वर्षीचं. शेडमधल्या ट्रेव्हरचा डोळा मोठा झालेला पाहून हार्वीने घाबरून हेलिकॉप्टर मागवलं होतं, ब्रिस्बेनपर्यंत वरात गेली, आणि निघालं काय तर पान. तिथल्या डॉक्टरने फोनवर त्याला असा सोलून काढला होता की तो महिनाभर गावात तोंड दाखवत नव्हता.

"कोरल, तुला काय वाटतं?" त्याने मला विचारलं.

"पानच आहे," मी म्हणाले. "सकाळी धुळीने आंघोळ केलीय त्याने."

"फोन कर, हार्वी," मावशी म्हणाली.

"नोरीन, मागच्या वेळी..."

"मागच्या वेळचं जाऊ दे. फोन कर."

"तू डॉक्टर आहेस का? पेंगतोय, डोळा मोठा आहे. रोजचं आहे हे. अर्धा तास बघू, नाही उतरलं तर करतो."

मावशीने दारावरच्या पाटीकडे पाहिलं. तिला ती अक्षरं दिसत नसणार, पण काय लिहिलंय ते पाठ होतं. मग हॅट काढली, आतल्या पट्ट्यातून एक छोटी बाटली काढली आणि सगळ्यांसमोर हातावर धरली.

"हे माझ्या डोळ्यांचे थेंब आहेत. काचबिंदूचे," ती म्हणाली.

हार्वीचं तोंड उघडं राहिलं.

"ओरडायचं ते मागाहून ओरड. आधी ऐक. याने बाहुली बारीक होते. पानाने मोठी झालेली मात्र होत नाही, काही केल्या नाही. मला डॉक्टरने माझ्याच डोळ्यावर करून दाखवलंय. बाहुली म्हणजे दारावरची घंटा समज. पान गेलं की घंटाच जाम होते, मग वर कितीही ठोक, वाजणार नाही. डोक्यात रक्त साचलं तर घंटा धड असते, नुसती डोक्यातून येणारी तार दाबली जाते. घंटेवरच ठोकलं तर वाजते. थेंब घालते दोन्ही डोळ्यांत. डावी बाहुली बारीक झाली, तर ते पान नव्हे. मग तू फोन करायचास, एक शब्द न बोलता."

"आणि नाही झाली तर?"

"तर मी खोटारडी म्हातारी. नाहीतरी आता आहेच."

तिने ड्वेनच्या पापण्या बोटांनी उघडल्या. तिला नीट दिसत नव्हतं म्हणून थेंब कुठे पडतोय ते मला सांगायला लावलं. भिंतीवरच्या घड्याळात बारा वाजायला दहा मिनिटं होती.

पंधरा मिनिटं लागतात म्हणाली. मी आयुष्यात दोन बाळंतपणं काढली आहेत, पण इतकी लांब पंधरा मिनिटं नाही काढली. पंखा बंद केला होता. अकराच्या अकरा माणसं गोल करून उभी, आणि मधे ड्वेन घोरत होता. साधं झोपेतलं घोरणं नव्हतं ते, आत कुठेतरी पाणी अडकल्यासारखं. मी टॉर्च धरून बसले होते. पाच मिनिटं काहीच नाही. आठव्या मिनिटाला उजवी बाहुली आवळायला लागली. दहाव्याला ती मोहरीएवढी झाली, मावशीसारखी. डावी मात्र होती तशीच.

"झालं?" हार्वी म्हणाला. त्याच्या आवाजात सुटका होती.

"थांब."

एक गोष्ट सांगायची लाज वाटते, पण सांगते. मला ती बाहुली मोठीच राहायला हवी होती. ड्वेन वाचावा म्हणून नव्हे फक्त. मी 'पान' म्हटलं होतं, दोनदा म्हटलं होतं, आणि मीच त्याला झोपवलं होतं. ती मोठी राहिली असती तर मी बरोबर ठरले असते. टॉर्च धरून मी देवाला तेच मागत होते.

बाराव्या मिनिटाला तिची कड हलली. आधी वाटलं, माझाच हात हलला. मग तपकिरी रंगाची बारीक रेघ दिसली, जिथे इतका वेळ नुसतं काळं होतं. ती रेघ रुंद झाली. बाहुली आमच्या डोळ्यांदेखत आत आत येत गेली.

"बोल की," मावशी म्हणाली. "मला दिसत नाही."

"बारीक होतेय," मी म्हणाले.

हार्वी पळाला. पोट सांभाळत ऑफिसकडे पळणारा हार्वी मी त्याआधी पाहिला नव्हता आणि नंतरही नाही.

गावातून रुग्णवाहिका यायला अर्धा तास लागला. तेवढा वेळ मावशी ड्वेनला कुशीवर धरून बसली होती आणि त्याला शिव्या घालत होती. "मुंगी शिरेल का म्हणून विचारत होतास ना? ऊठ आणि बघ. ऊठ म्हणते ना, आळशी!" तो उठला नाही. पण श्वास घेत राहिला.

रुग्णवाहिकेच्या माणसाने वाकून डोळे पाहिले आणि भुवया वर केल्या. "दोन्ही बाहुल्या टाचणीएवढ्या. हा काय घेतो, अफू?"

हार्वीने घसा खाकरला. मला वाटतं, तो 'आमच्या प्रथमोपचाराच्या पेटीतलं औषध' म्हणणार होता. म्हटलं असतं तर खपून गेलं असतं, आणि मावशीला तो डाव कळलाही होता. पण औषध कोणतं, किती थेंब, कधी घातले आणि आधी डोळा कसा होता, हे नीट कळलं नाही तर इस्पितळात डॉक्टर त्या बारीक बाहुल्या बघून फसला असता.

"माझं औषध आहे," मावशी म्हणाली. "काचबिंदूचं. बाटलीवर नाव आहे, नोरीन टॅलबट, तेही लिही. बाराला दहा कमी असताना दोन-दोन थेंब. त्याआधी डावी मोठी होती. इतकी." तिने बोटांनी दाखवलं. "डावीकडे आपटलाय."

त्याने ते हातावर लिहून घेतलं.

इस्पितळातल्या तरुण डॉक्टरने ब्रिस्बेनच्या सर्जनला फोन लावला, नर्सने फोन त्याच्या कानाला धरला, आणि त्याने आयुष्यात पहिल्यांदा माणसाच्या कवटीला भोक पाडलं, डाव्या बाजूला. रक्ताची गुठळी बाहेर आली. आणखी एक तास गेला असता तर काही उपयोग नव्हता, असं त्याने हार्वीला सांगितलं. संध्याकाळी ड्वेनने दोन्ही मुलींची नावं घेतली. त्याच्या बायकोचा फोन आला तेव्हा मी टाकीमागे जाऊन रडले.

सोमवारी हार्वी सकाळीच शेडमध्ये आला. हातात सह्यांचे कागद होते, बारा हंगामांचे. माणूस वाईट नव्हता तो. डोळे सुजले होते त्याचे.

"नोरीन, तू त्याला वाचवलंस."

"मग?"

"पण विमावाले आले होते. बारा वर्षं खोटी सही. उद्या तुझा डोळा गेला तर शेड बंद होईल. मला तुला आत ठेवता येणार नाही."

मावशीने हौदात घातलेला हात बाहेर काढला आणि झटकला. "माझा डोळा गेला तर माझा जाईल. बारा वर्षं सांभाळलाय."

"मला येणार नाही गं ठेवता."

आणि आम्ही उभे होतो. ड्वेन इस्पितळात पडला होता, त्याला बोलता येत नव्हतं, हे समजू शकतं. आम्हाला दहा जणांना येत होतं. नुसतं "बाहेरचं काम द्या तिला" म्हणायला काय लागलं असतं? दहा जणांनी हातातलं काम खाली ठेवलं असतं तर हार्वीने ऐकलं असतं. पान हौदात होतं, एक दिवस थांबलं असतं तर कुजलं असतं. मी सगळ्यांत जुनी. सगळे माझ्याकडे बघत होते. मी सुईत दोरा ओवत होते आणि तो ओवला जात नव्हता.

मावशी निघाली. दारापाशी हार्वीने तिला थांबवलं.

"ती बाटली," तो म्हणाला, "इथे ठेवशील? पेटीत. पुन्हा कोणी पडलं तर."

ती इतकी मोठ्याने हसली की बाहेरचे काकाकुवा उडाले.

"बाटली माझ्या डोळ्यांना लागते, हार्वी. डॉक्टरकडून तुझी तू आण. कसं कळलं विचारलं, तर माझं नाव सांग."

नंतर ती एकोणीस वर्षं जगली. मला गावातल्या दुकानात दोन-तीनदा भेटली. एका डोळ्याने शेवटपर्यंत दिसत होतं तिला. दर वेळी विचारायची, पान कसं निघतंय यंदा, आणि मी म्हणायचे, बरं आहे. खरं तर यंत्राच्या भरवशावर दोन हंगाम बुरशी लागली होती. मी माफी मागितली नाही. मागितली असती तर काहीतरी झोंबणारं बोलली असती, आणि मला ते हवं होतं, तरी मागितली नाही.

हार्वीने थेंबांची बाटली आणली, प्रथमोपचाराच्या पेटीत ठेवली. वर भिंतीवर कागद लावायचा होता, काय करायचं त्याचा. तोंड कोरडं की ओलं ते बघा, नाडी बघा, दोन्ही डोळ्यांत दोन थेंब, फोन लगेच करा, थांबू नका. आजूबाजूच्या शेडवाल्यांनीही त्याची नक्कल करून नेली. एकदा त्यांच्यापैकी कोणी विचारलं, ही युक्ती कोणाची, तर हार्वी म्हणाला, इथली जुनी पद्धत आहे. मी तिथेच होते.

तो कागद मी लिहिला, माझं अक्षर चांगलं म्हणून. खाली चार बोटं जागा उरली होती. शिसपेन हातात होती. हार्वीने मावशीचं नाव घालू नको असं काही म्हटलं नव्हतं. मी कागद तसाच भिंतीला ठोकला.